मेजरचा कान

सासूबाई बारा महिने विणत असत. आणि घरात कुणाच्याही अंगावर त्यांच्या हातचा स्वेटर नव्हता.

लग्न होऊन आल्यावर सुनेच्या लक्षात आलेली ही पहिली गोष्ट. ती पडदे शिवायची, त्यामुळे कापडाकडे तिचं लक्ष आपोआप जायचं. घरातल्या कपाटांत चादरी होत्या, टॉवेल होते, सासऱ्यांच्या कामाच्या जाड विजारी होत्या, गुडघ्यांवर चामड्याची ठिगळं लावलेल्या. लोकरीचं काही नव्हतं. मोजा नाही, टोपी नाही, साधा गळपट्टा नाही. सासूबाईंच्या पिशवीत मात्र राखाडी लोकरीचा गोळा आणि दोन सुया कायम असायच्या. संध्याकाळी त्या खिडकीशी बसत आणि सुया चालू लागत.

"आई, काय विणताय?" तिनं एकदा विचारलं.

"बघू," सासूबाई म्हणाल्या. "झालं की कळेल."

ते कधी झालं नाही.

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, आई विणते. नळाला पाणी येतं, असं कुणी सांगावं तशा आवाजात. तो त्याच सुयांच्या आवाजात लहानाचा मोठा झाला होता. घरच्या माणसाला घरचं गूढ दिसत नाही. त्याला बाहेरूनच कुणीतरी यावं लागतं.

सून आली ती चौकस. कुणाच्या घरी खिडकीचं माप घ्यायला गेली तरी परत येताना त्या घरात कोण कुणाशी बोलत नाही हे तिला कळलेलं असे. सासरे तिला चिडवत. ही पोरगी पडदे शिवते, ते आधी आत बघून घेता यावं म्हणून.

सासऱ्यांना सगळी गल्ली मेजर म्हणायची. ते मेजर नव्हते. फौजेत साधे शिपाई म्हणून गेले आणि साधे शिपाई म्हणूनच बाहेर पडले. बढती त्यांना गल्लीनं दिली. पहिल्यांदा कुणीतरी कॅप्टन म्हणालं, तेव्हा त्यांनी दुरुस्त केलं. तो माणूस पुढच्या खेपेला मेजर म्हणाला. मग ते गप्प बसले. आणखी तोंड उघडलं असतं तर जनरल करून पुन्हा लढाईवर धाडलं असतं, असं ते सांगत.

फौजेत त्यांचं काम सुरुंग शोधण्याचं. शत्रूनं जमिनीत पुरून ठेवलेले सुरुंग हुडकायचे, गुडघ्यांवर बसून, हातात बारीक सळई घेऊन. सळई तिरकी धरायची, हलक्या हातानं टोचायची, पुढे सरकायचं. उभं राहायला बंदी. घाई करायला त्याहून मोठी बंदी. एकदा शेजारच्या रांगेत सुरुंग फुटला. त्यात त्यांचा सोबती गेला आणि त्यांचा उजवा कान गेला. हे त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. सुनेला ते नवऱ्याकडून कळलं, नवऱ्याला आईकडून. आईला कुणाकडून कळलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

घरी परतले तेव्हा त्यांच्याजवळ एक कान होता आणि दिवसभर गुडघ्यांवर राहायची सवय होती. गुडघे टेकून पोट भरेल असे दोनच धंदे, एक भीक आणि दुसरा फरशी, असं ते म्हणत. ते फरशीकडे वळले. एका म्हाताऱ्या गवंड्याच्या हाताखाली लाद्या बसवायला शिकले. लग्न झालं, मुलगा झाला, आणि हळूहळू आसपासच्या निम्म्या घरांतली माणसं मेजरच्या फरशीवर चालू लागली.

फौज त्यांच्या अंगातून गेली नाही. अनोळखी खोलीत शिरले की ते आधी भिंतीच्या कडेकडेनं जात. मधून कधी चालत नसत. बागेत पोराला खेळायला नेलं की स्वतः चार पावलं पुढे. मुलगा शाळेत होता तेव्हा त्याला या गोष्टीची लाज वाटायची. इतरांचे बाप मागून ओरडत यायचे, याचा बाप पुढून जमीन बघत जायचा. आता तो स्वतः बाप झाला होता. बागेत लेकीच्या पुढे चालतोय हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. सुनेच्या होतं.

घरात मेजर अनवाणी असत. थंडीतसुद्धा. स्वयंपाकघराची फरशी त्यांनी दरवाज्याकडे किंचित उतरती बसवली होती, बायकोला पुसलेलं पाणी हातानं लोटावं लागू नये म्हणून. उतार इतका बेताचा की डोळ्याला दिसत नसे. वाटाणा सांडला की कळे. तो आपणहून दाराशी जाऊन थांबायचा. नात, जिला सगळे चिमणी म्हणत, हाक मारून आजोबा येत नाहीत हे फार लवकर शिकली होती. ती दोनदा पाय आपटायची. आजोबा पलीकडच्या खोलीतून उठून यायचे. भिंतींना कान असतात म्हणतात. त्या घरात ते जमिनीला होते.

कारण माणसांचं बोलणं मेजरना ऐकू येत नसे. निदान पुरतं येत नसे. ते ओठांकडे बघत आणि अंदाजानं उत्तर देत. भाजी कशी झालीय म्हटलं की परवा येतो म्हणत. सासूबाईंचं यावर ठरलेलं बोलणं होतं. फौजी आणि नवरा, दोघंही सोयीचं तेवढंच ऐकतात, आणि माझ्या नशिबी दोघं एकाच अंगात आले.

पण लाद्यांचं त्यांना ऐकू येई. यावर सगळा गाव पैज लावायला तयार होता.

लादीखाली सिमेंट-वाळूचा माल नीट भरला नाही तर आत पोकळी राहते. वरून काही दिसत नाही. पुढे कधीतरी तिच्यावर जड कपाट येतं, आणि लादी तडकते. पोकळी ओळखायची एकच रीत. थापीच्या लाकडी मुठीनं ठोकायचं आणि ऐकायचं. भरीव लादी टणक वाजते, पोकळ लादी बद्द वाजते. इतर कारागीर इथं तिथं चार ठोके देऊन मोकळे होत. मेजर एकूण एक लादी ठोकत. लाद्यांमधले सांधे भरायच्या आधी, घरमालकाच्या समक्ष. ही त्यांची रीत होती आणि हीच त्यांची जाहिरात.

ठोकायच्या दिवशी सासूबाई डबा घेऊन जात. कोपऱ्यात बादली पालथी घालून बसत आणि पिशवीतून विणकाम काढत. मालक दारात उभा राही. मेजर पलीकडच्या भिंतीपासून गुडघ्यांवर मागे मागे सरकत येत. टक. टक. टक. मध्येच थांबत, मान कलती करत, खडूनं फुली मारत. फुली मारलेली लादी उचलली की खाली पोकळी निघायचीच. मालक तोंडात बोट घालायचा. एवढ्या बहिऱ्या माणसाला हे कळतं कसं, असं कुणी विचारलं की मेजरचं उत्तर तयार असे. लाद्या खोटं बोलत नाहीत, म्हणून ऐकू येतात.

आणि कोपऱ्यातल्या बाईकडे बघून बायका म्हणत, काय माया आहे बघा. या वयातसुद्धा गरम डबा.

सुनेनं मेजरना एकदाच फौजेबद्दल विचारलं होतं. एका नव्या घरात ती शिडीवर चढून पडद्याचा दांडा लावत होती आणि खाली ते सांधे पुसत होते. ती मुद्दाम खाली उतरली, त्यांच्या समोर बसली, ओठ दिसतील अशी.

"बाबा, सुरुंग सापडला, पण काढता आला नाही, तर काय करायचात?"

त्यांनी फडकं पिळलं.

"खूण ठेवायची आणि मागं फिरायचं," ते म्हणाले. "काढता आला नाही याची लाज नाही. खूण न ठेवता मागं फिरला, त्याची लाज."

"कसली खूण?"

"मागून येणाऱ्या आपल्या माणसाला सापडेल अशी. बाकी कुणाच्या डोळ्यात येणार नाही अशी." मग त्यांनी दांड्याकडे बोट केलं. "डावीकडं उतरलाय."

उतरलाच होता.

पुढे त्यांचा श्वास आखडू लागला. आयुष्यभर सिमेंटची धूळ छातीत गेली होती. डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं. डॉक्टरांचंही त्यांना सोयीचं तेवढंच ऐकू आलं. नाचाच्या शाळेची फरशी त्यांनी आधीच कबूल केली होती. ती शेवटची, असं त्यांनी बायकोला सांगितलं, आणि शब्द पाळला. मोठी खोली होती. दर थोड्या वेळानं भिंत धरून उभे राहत, आणि मग पुन्हा खाली. ठोकून बघायच्या दिवशी सासूबाई नेहमीसारख्या डबा आणि पिशवी घेऊन गेल्या. संध्याकाळी दोघं परत आले तेव्हा मेजर एवढंच म्हणाले, सगळी भरीव निघाली, एकही फुली नाही. दुसऱ्या दिवशी सांधे भरायला ते एकटे गेले. सासूबाई निघाल्या होत्या, त्यांना मेजरनी थांबवलं. सांधे भरायला प्रेक्षक लागत नाहीत, म्हणाले.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. पाय जमिनीला टेकलेले होते. चिमणीनं दोनदा पाय आपटला, तेव्हा घरात कळलं.

सासूबाईंच्या सुया त्या दिवशी बंद झाल्या. पिशवी खुंटीला गेली ती तिथंच राहिली. संध्याकाळी त्या खिडकीशी बसत, हात मांडीवर ठेवून. नवरा म्हणाला, दुःख आहे, वेळ लागेल. सुनेला ते पटलं नाही. दुःखातली बाई उलट जास्त विणते. हाताला काही चाळा हवा असतो. ज्या बाईनं जन्मभर विणलं, तिच्यापाशी विणायला अचानक काही कारणच उरलं नाही, असं ते बसणं होतं. पण काय कारण होतं, ते तिला सांगता आलं नसतं.

मग एक दिवस नाचाच्या बाई आल्या.

उंच, ताठ, पन्नाशीच्या. चहा नको म्हणाल्या आणि चहा आल्यावर प्यायल्या. त्यांना बोलायला अवघड जात होतं हे दिसत होतं. शाळेच्या फरशीत एक लादी बद्द वाजते, असं त्या म्हणाल्या. अगदी मधोमध. मुली ताल धरून पाय टाकतात तेव्हा सगळी खोली एका सुरात वाजते आणि त्या जागी आवाज पडतो. त्यांनी दुसरा कारागीर बोलावला होता. त्यानं चार लाद्या ठोकल्या आणि मान हलवली. एक पोकळ निघाली म्हणजे बाकीच्यांचा काय भरवसा. सगळी फरशी उखडायची आणि नव्यानं करायची, असं त्याचं मत. परवा तो माणसं घेऊन येणार होता.

"मेजर असते तर त्यांना विचारल्याशिवाय मी हात लावू दिला नसता," बाई म्हणाल्या. "ते नाहीत. म्हणून तुम्हाला विचारायला आले."

नवऱ्याचा चेहरा लाल झाला. तो एरवी नाकासमोर चालणारा माणूस, आवाज चढवणं त्याला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी चढवला. बाबांचा कान चुकला असं आजवर कुणी म्हटलेलं नाही, आणि ते गेल्यावर म्हणायला सोपं जातं. बाईंनी शांतपणे सांगितलं की कानाबद्दल त्या काही म्हणत नाहीत, लादी वाजते एवढंच म्हणतात. तो म्हणाला, वाजत असेल तर नाचणाऱ्यांनी फोडली असेल. तेव्हा बाईंनी कप खाली ठेवला.

सून सासूबाईंकडे बघत होती. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना राग आलेला नव्हता. नवलही वाटलेलं नव्हतं. ज्याची वाट बघत होतो ते अखेर दारात आलं, असा तो चेहरा होता.

त्या खुंटीपाशी गेल्या. पिशवी काढली.

"उद्या सकाळी मी येते," त्या बाईंना म्हणाल्या. "तोवर कुणाला हात लावू देऊ नका." मग सुनेकडे वळल्या. "तू चल. ह्यांची थापी घे."

नवरा म्हणाला, मीही येतो. त्याला त्यांनी घरी थांबायला सांगितलं. का, ते सांगितलं नाही.

नाचाची खोली सुनेनं आधी पाहिलेली नव्हती. एका भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा, त्याच्यासमोर कमरेच्या उंचीवर लाकडी दांडा, तीन उघड्या खिडक्या. पडदे नाहीत, हे तिनं आधी पाहिलं आणि मग स्वतःलाच दटावलं. फरशी फिकट राखाडी होती. ऊन तिच्यावर पाण्यासारखं सपाट पसरलं होतं. ही उद्या उखडायची होती. मेजरनी जन्मात जे काय केलं, त्यातलं हे शेवटचं.

सासूबाईंनी एक बादली मागितली. पालथी घालून कोपऱ्यात बसल्या. विणकाम बाहेर काढलं.

"ठोक," त्या सुनेला म्हणाल्या. "त्या भिंतीपासून मागं मागं ये."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"तुला कळायची गरज नाही. माझे गुडघे वाकत नाहीत म्हणून तू."

"आणि सुया कशाला, आई?"

"त्याशिवाय मला ऐकू येत नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि विणू लागल्या.

सून गुडघ्यांवर बसली. टक. टक. मागे सरकायचं, पुन्हा टक. सुरुवातीला तिला सगळे आवाज सारखे वाटले. मग कान सरावला. प्रत्येक ठोक्यामागे कोपऱ्यातून सुयांची बारीक किटकिट येत होती, न चुकता, घड्याळासारखी. नाचाच्या बाई दारात उभ्या होत्या आणि सुनेच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. ठोकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटेल म्हणून.

मधल्या रांगेत ती आली. ठोका दिला. बद्द.

आणि सुया थांबल्या.

सुनेनं मान न वळवता, नुसत्या डोळ्यांच्या कडेनं कोपऱ्याकडे पाहिलं. तिथून सासूबाईंचे हात अगदी स्पष्ट दिसत होते. बादली त्या बेतानंच ठेवली होती. सुनेच्या हातातली थापी तशीच राहिली. कपाटातला न सापडलेला स्वेटर, पालथी बादली, गरम डबा, खडूच्या फुल्या, सगळं एका क्षणात एका रांगेत येऊन बसलं. आणि ती इतकी थक्क झाली की पुढचा ठोका द्यायचं विसरली.

"तेही असंच बघायचे," सासूबाई म्हणाल्या. "मान न हलवता. पुढं चल, अजून निम्मी राहिलीय."

तिनं उरलेली खोली ठोकली. सुया पुन्हा कुठंच थांबल्या नाहीत. दाराशी पोचल्यावर ती तशीच खाली बसून राहिली.

"म्हणजे बाबांना ऐकू येतच नव्हतं."

"उजवा कान सुरुंगानं एका झटक्यात नेला. डावा हळूहळू गेला. घरात आधी मला कळलं. नळ गळत होता आणि ते शेजारी बसून होते." त्यांनी सुयांवरचे टाके नीट केले. "पोरगा शाळेत होता. फरशीवाल्याचा कान गेला म्हणजे काय राहिलं? मी एकदा डबा घेऊन गेले. बसल्या बसल्या विणत होते. ते ठोकत होते. एक लादी बद्द वाजली आणि माझे हात थांबले, आपोआपच. मी वर बघितलं तर ते माझ्या हातांकडं बघत होते. त्यांनी फुली मारली. पुढच्या कामाला मी न विचारता गेले."

"तुम्ही बोललात कधी यावर?"

"काय बोलायचं? त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

म्हणून घरी रोज विणायचं. हात आपोआप चालले तरच कान मोकळा राहतो. आणि फरशी पुरी झाली की विणलेलं उसवून गोळा करायचा, पुढच्या फरशीला नवी लोकर कशाला. सुनेनं त्या राखाडी धाग्याकडे पाहिलं. तो इतक्यांदा उसवला होता की त्याच्या अंगातला नागमोडी मोड जाणंच शक्य नव्हतं.

नाचाच्या बाई आत आल्या होत्या. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला, आणि तो रास्त होता. मग ही लादी कशी राहिली?

सासूबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं.

"त्या दिवशी त्यांचे ओठ निळे पडले होते," त्या म्हणाल्या. "ही लादी वाजली तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हात थांबवले नाहीत. ही उचलायची, पुन्हा माल भरायचा, पुन्हा बसवायची, तेवढा दम त्यांच्यात नव्हता. म्हटलं, एका लादीनं काय होतंय. ते पुढं सरकले." त्यांनी सुई लादीकडे केली. "जन्मात एकदा मी त्यांना खोटं सांगितलं. तेही त्यांच्याच कामात. आता त्यापायी त्यांची सगळी फरशी जातेय."

बाई म्हणाल्या की बाकीची जर भरीव आहे तर सगळी उखडायचं कारणच नाही. पण एक अडचण होती, ती कारागिरानं आधीच सांगितली होती. सांध्यात सिमेंट घट्ट बसल्यावर मधली एकच लादी सुटी निघत नाही. काढायला गेलं की शेजारच्या चार तडकतात, त्या काढायला गेलं की आणखी. आणि या रंगाची लादी आता बाजारात मिळत नव्हती.

सुनेला राहवलं नाही. ती त्या लादीपाशी गेली. कितपत घट्ट आहे ते तरी बघावं, म्हणून तिनं थापीचं टोक सांध्यावर टेकवलं आणि जरा दाबलं.

टोक आत गेलं.

तिनं ते कडेकडेनं ओढलं. सांध्यातून पांढरी वळी निघाली, साबणाच्या सालीसारखी. तिनं ती बोटांत दाबली. ती मऊ झाली. तिनं नाकाशी नेली.

"आई," ती म्हणाली. "हे मेण आहे."

शेजारच्या लादीचा सांधा तिनं खरवडून पाहिला. तिथं पांढरं सिमेंट होतं, दगडासारखं. त्याच्या पलीकडेही सिमेंट. फक्त या एका लादीच्या चारही बाजूंना मेण होतं, हातानं दाबून, बोटानं सारखं करून, असं की उभ्यानं बघणाऱ्याला फरक कळू नये. नाचाच्या बाई म्हणाल्या, तरीच फरशी पुसल्यावर बाकीचे सांधे ओले दिसतात आणि एवढेच कोरडे राहतात. त्यांना वाटायचं, इथं काहीतरी जास्त भारी सिमेंट लावलंय.

सून उठून उभी राहिली. शिडी, पडद्याचा दांडा, पिळलेलं फडकं तिला आठवलं. तिनं सासूबाईंना ते सांगितलं. काढता आला नाही तर काय करायचं, ते. मागून येणाऱ्या आपल्या माणसासाठी काय ठेवायचं, ते.

सासूबाईंनी हात पुढे केला. सुनेनं मेणाची वळी त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी ती बोटांत फिरवली.

"म्हणजे कळलं होतं त्यांना," त्या म्हणाल्या.

"पण कसं? तुम्ही तर हात थांबवले नव्हते."

"नव्हते ना." आणि त्या हसल्या. मेजर गेल्यापासून पहिल्यांदा. "उलट जरा जास्तच भरभर चालवले असतील. चोराच्या मनात चांदणं. त्यांनी इतकी वर्षं या हातांकडंच तर बघितलं."

मग त्यांच्या लक्षात दुसरी गोष्ट आली. सांधे भरायला प्रेक्षक लागत नाहीत. त्या दिवशी ते एकटे आले होते, खिशात मेणबत्ती घेऊन. बायकोनं केलेली फसवणूक त्यांनी ओळखली, तिला कळू दिली नाही, आणि ज्याला कळायचं त्याच्यासाठी खूण ठेवून मागं फिरले. बरं वाटल्यावर स्वतःच परत यायचा त्यांचा बेत होता, की आपण परत येत नाही हेही त्यांना ठाऊक होतं? सुनेनं पुढे यावर पुष्कळ विचार केला. उत्तर देणारं कुणी नव्हतं. आणि मेजर असते, तरी त्यांनी सोयीचं तेवढंच ऐकलं असतं.

लादी अलगद निघाली. एकही कोपरा उडाला नाही. खाली बशीएवढा खळगा होता. सासूबाई बादलीवरून सांगत गेल्या, सून करत गेली. जुना माल खरवड. पाणी शिंपड, ओतू नकोस. कडेला जास्त, मध्ये बेतानं. आता ठेव आणि तळहातानं दाब, मुठीनं नाही. सुनेच्या हाताला फक्त कापडाची सवय होती. माल तिच्या कोपरापर्यंत आला आणि एक थेंब आरशावर उडाला. नाचाच्या बाईंनी तो पुसला आणि कारागिराला निरोप पाठवायला गेल्या, की येऊ नये.

परत येताना सुनेनं विचारलं, त्याला काय सांगायचं? नवऱ्याबद्दल विचारत होती. बाबांच्या कानावर त्याची श्रद्धा होती.

"विचारलं तर सगळं सांग," सासूबाई म्हणाल्या. "न विचारता सांगू नकोस. आपल्या घरात तशीच रीत आहे."

दुसऱ्या दिवशी माल घट्ट झाल्यावर दोघी पुन्हा गेल्या. या वेळी नवरा आलाच. तो दारात उभा राहिला, जिथं घरमालक उभे राहायचे तिथं. सासूबाई बादलीवर बसल्या. सून त्या लादीपाशी गुडघे टेकून बसली, थापी उलटी धरली आणि ठोकलं.

टक.

नवरा तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. कोपऱ्याकडे त्याचं लक्षही नव्हतं.

सुनेनं डोळ्यांच्या कडेनं पाहिलं. सुया चालू होत्या. तिनं पुन्हा ठोकलं, आणि या खेपेला सुया थांबतात का ते पाहिलं नाही. त्या जास्त भरभर तर चालत नाहीत ना, एवढंच नीट बघून घेतलं.